ट्रान्सप्लांटनंतरचे संसर्ग : आज कितवा दिवस, ते आधी बघा

माझ्या धाकट्या भावाचं स्टेम सेल ट्रान्सप्लांट, म्हणजे रक्त बनवणाऱ्या मूलपेशींचं रोपण, झालं. सतराव्या दिवशी डॉक्टर खोलीत आले आणि म्हणाले, "काउंट आले." त्या दोन शब्दांची इतकी वाट पाहिली होती की आईच्या डोळ्यांत पाणीच आलं. आता धोका टळला, असं आम्ही सगळ्यांनी धरून टाकलं. बेचाळिसाव्या दिवशी तो नीट जेवत होता, घरात हिंडत-फिरत होता, आणि रक्ताच्या तपासणीत सीएमव्ही नावाचा विषाणू निघाला. काउंट तर व्यवस्थित होते. मग हे आलं कुठून?

याचं उत्तर तेव्हा कुणीतरी शांतपणे समोर बसून सांगायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. ज्यांच्या घरात ट्रान्सप्लांट नुकतंच झालंय किंवा होऊ घातलंय त्यांच्यासाठी म्हणून हे लिहितेय. यातलं काही तुमच्या टीमच्या सूचनांशी जुळलं नाही तर टीमचंच ऐका. तुमचा रुग्ण त्यांना माहीत आहे, मला नाही.

सुरुवात : "काउंट आले" म्हणजे नेमकं काय आलं

ट्रान्सप्लांटच्या आधी दिलेली जोरदार केमोथेरपी, कधी त्यासोबत रेडिएशन, जुनी अस्थिमज्जा, म्हणजे हाडांतला रक्त बनवणारा गर, मोडून काढते. नव्या मूलपेशी शरीरात गेल्या की नवं रक्त बनायला लागतं, पण सगळ्या पेशी एकदम तयार होत नाहीत. आधी येतात न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी. सलग तीन दिवस ते दर मायक्रोलिटरमागे ५०० किंवा त्याहून जास्त राहिले की मूलपेशी रुजल्या असं म्हणतात. स्वतःच्याच मूलपेशी परत दिल्या असतील तर बहुधा दोन आठवड्यांच्या आत-बाहेर, दात्याच्या असतील तर दोन ते चार आठवड्यांत हे होतं. नाळेतल्या रक्ताच्या मूलपेशींना आणखी वेळ लागतो.

न्यूट्रोफिल जिवाणू आणि बुरशी यांना अडवतात. विषाणूंवर पहारा ठेवणाऱ्या टी पेशी आणि अँटिबॉडी तयार करणाऱ्या बी पेशी हे वेगळं खातं आहे. बी पेशी सावरायला सहा महिने ते वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं. टी पेशींमधला महत्त्वाचा गट, ज्याला सीडी४ म्हणतात, तो भरून यायला वर्षभर किंवा त्याहून अधिक. लहानपणच्या लसींची शरीराला असलेली आठवणही बऱ्याच अंशी पुसली जाते. त्यात दात्याच्या पेशींनी रुग्णाच्या शरीरावर हल्ला करू नये म्हणून टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू असतं. तरीही तो हल्ला झालाच, म्हणजे जीव्हीएचडी झाला, तर स्टेरॉइड सुरू होतात आणि प्रतिकारशक्तीचं घड्याळ मागे जातं.

म्हणून रिपोर्टवर पांढऱ्या पेशींचा आकडा छान दिसत असताना माणूस आतून उघडाच असू शकतो. माझा भाऊ तसाच होता.

पायरी १ : भिंतीवर दिवसांचं कॅलेंडर लावा

मूलपेशी चढवल्या तो दिवस शून्य. तिथून रोज एक आकडा. ट्रान्सप्लांट टीम याच आकड्यात बोलते आणि कोणत्या संसर्गाचा संशय घ्यायचा तेही बरंचसं याच आकड्यावरून ठरतं. ढोबळपणे तीन टप्पे धरतात : काउंट येईपर्यंतचा पहिला महिना, तिथून शंभराव्या दिवसापर्यंत, आणि शंभर दिवसांनंतर. फोन लावलात की पहिलं वाक्य हेच असू द्या, "आज अठ्ठावन्नावा दिवस आहे."

स्वतःच्या मूलपेशी मिळालेल्यांना सगळ्यात अवघड असतो तो पहिला महिना. दात्याच्या मूलपेशी असतील तर तिन्ही टप्पे मनापासून पाळावे लागतात.

पायरी २ : पहिला महिना, आणि आपल्याच अंगातले जिवाणू

घरच्यांची सगळी भीती बाहेरून येणाऱ्या जंतूंची असते. आम्हीही खोलीच्या दाराकडेच बघत बसायचो. पण या दिवसांत रक्तात घुसणारे जिवाणू बहुतेक वेळा रुग्णाच्याच शरीरात राहणारे असतात. केमोने तोंड येतं, आतड्याचं अस्तर सोलवटतं, आणि एरवी तिथे निमूट नांदणारे ई. कोलाय, क्लेब्सिएला, तोंडातले स्ट्रेप्टोकोकस हे त्या फटींतून रक्तात शिरतात. त्वचेवरचे स्टॅफिलोकोकस सेंट्रल लाइनच्या, म्हणजे मोठ्या शिरेत बसवलेल्या नळीच्या, वाटेने आत जातात. अंगात झोपलेला हर्पिस सिम्प्लेक्स हा विषाणू याच सुमारास ओठांवर, तोंडात डोकं वर काढतो, म्हणून ॲसायक्लोव्हिर हे विषाणूंवरचं औषध सुरुवातीपासूनच चालू असतं.

तेव्हा या महिन्यात सोबतीच्या माणसाचं काम मुख्यतः दोन जागांवर आहे. पहिली तोंड. अगदी मऊ ब्रश, सांगितलेल्या द्रावाच्या गुळण्या दिवसातून अनेकदा, दुखत असलं तरी. गिळताना फार दुखतंय, पांढरे चट्टे दिसताहेत, तर राउंडची वाट न पाहता सांगायचं. दुसरी जागा लाइन. तिला हात लावणाऱ्या प्रत्येकाने आधी हात धुतलेले हवेत, मग तो कोणीही असो. कॅप जोडण्यापूर्वी अँटिसेप्टिकने १५ सेकंद घासून वाळू द्यायची. ड्रेसिंगची कड सुटली, आत ओल आली, लाली किंवा पू दिसला, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहायची नाही. अंघोळीत ते भिजू द्यायचं नाही. गुदद्वारातून थर्मामीटर, औषधाची वडी, एनिमा यातलं काहीही करायचं नाही, कारण तिथली छोटीशी चीरसुद्धा जिवाणूंना पुरते.

पायरी ३ : ताप आला तर

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा.

घरी डिजिटल थर्मामीटर हवा, आणि त्याची जास्तीची बॅटरी. एकदा ३८.३ सेल्सियस, म्हणजे साधारण १०१ फॅरनहाइट, किंवा ३८ सेल्सियस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट, तासभर टिकलं, तर तो ताप. काही टीम ३८ ला लगेच फोन करायला सांगतात. तुमचा आकडा डिस्चार्जच्या कागदावर असतो, तो मोठ्या अक्षरात फ्रिजवर लावा.

ताप दिसला की आधी फोन, मग बाकी सगळं. पॅरासिटामॉल विचारल्याशिवाय द्यायचं नाही. त्याने आकडा खाली येतो आणि संसर्ग आत तसाच वाढत राहतो. सकाळपर्यंत बघू, उद्या ओपीडी आहेच, असं म्हणायचं नाही. न्यूट्रोफिल नसलेल्या माणसात पू होत नाही, सूज फारशी येत नाही, छातीच्या एक्स-रेवर डाग दिसायला उशीर होतो. ताप हीच पहिली आणि बऱ्याचदा एकमेव खूण असते. म्हणूनच रुग्ण पोचल्यापासून तासाभरात रक्ताचं कल्चर, म्हणजे जिवाणू वाढवून ओळखण्यासाठी रक्ताचा नमुना, घेऊन पहिलं अँटिबायोटिक शिरेतून सुरू करायचं, असा डॉक्टरांचा दंडक आहे. कोणता जिवाणू ते कल्चर सांगेल तेव्हा सांगेल, औषध त्यासाठी थांबत नाही.

इमर्जन्सीत ड्युटीवर असलेल्या डॉक्टरांनी तुमच्या रुग्णाला कधी पाहिलेलं नसेल. दारातच सांगा : "स्टेम सेल ट्रान्सप्लांट झालंय, आज इतकावा दिवस, ताप इतका, सेंट्रल लाइन आहे, ही औषधं चालू आहेत." हे एका कार्डावर लिहून पाकिटात ठेवा, घाईत तोंडून शब्द फुटत नाहीत. खोकणाऱ्या लोकांमध्ये रांगेत बसवत असतील तर वेगळी जागा मागा. संकोच करू नका.

आता ताप नसतानाचा धोका. भाऊ घरी आल्यावर एका संध्याकाळी त्याची लाइन फ्लश केली, म्हणजे सलाइनचं पाणी सोडून साफ केली. वीसेक मिनिटांनी तो म्हणाला, गार वाटतंय. दोन पांघरुणं घातली तरी दात वाजत होते, आणि अंग इतकं थडथडत होतं की पलंगाची कड भिंतीवर खट खट आपटत होती. थर्मामीटर दाखवत होता ३७.४. मी तो आकडा बघून थांबले. पुन्हा लावू, थोडं थांबू, असं करत चाळीस मिनिटं गेली, तोवर ३९.२ झाला होता. लाइनमध्येच जिवाणू वाढले होते, आणि फ्लश केल्यावर ते एकदम रक्तात गेले होते. ती लाइन काढावी लागली. त्या चाळीस मिनिटांची रुखरुख मला अजून आहे. फ्लशनंतर हुडहुडी भरली तर थर्मामीटर काहीही म्हणो, फोन करा.

स्टेरॉइड चालू असतील तर ताप येतच नाही, असंही होतं. अशा वेळी दुसऱ्या खुणा पाहायच्या : दम लागणं, छातीत धडधड, गळून जाणं, असंबद्ध बोलणं, लघवी कमी होणं, कुठेतरी नव्याने दुखू लागणं. "आज हा वेगळाच दिसतोय" हेसुद्धा फोन करायला पुरेसं कारण आहे.

पायरी ४ : तीस ते शंभर दिवस, जागे होणारे विषाणू

बेचाळिसाव्या दिवसाचं कोडं इथे सुटतं. सीएमव्ही जगातल्या बहुतेक प्रौढांच्या शरीरात असतो. लहानपणी कधीतरी आलेला, साध्या तापासारखा गेलेला, आणि मग आयुष्यभर आत झोपलेला. टी पेशी त्याला झोपवून ठेवतात. ट्रान्सप्लांटनंतर त्या नसतात, तेव्हा तो उठतो. भावाला कुणाकडून काही लागलं नव्हतं. तो विषाणू पूर्वीपासून त्याच्याच अंगात होता. हे कळल्यावर आईने स्वतःला दोष देणं थांबवलं, तोवर ती कुठल्या पाहुण्याला घरात घेतलं ते आठवत बसली होती.

ट्रान्सप्लांटआधी रुग्ण आणि दाता दोघांचीही सीएमव्ही अँटिबॉडी तपासलेली असते. ती जोडी विचारून वहीत लिहा. रुग्ण पॉझिटिव्ह आणि दाता निगेटिव्ह असेल तर धोका सर्वांत जास्त, कारण दात्याच्या नव्या पेशींना या विषाणूची ओळखच नसते. निदान शंभराव्या दिवसापर्यंत साधारण दर आठवड्याला रक्तात विषाणू किती आहे ते मोजणारी पीसीआर तपासणी होते. बरं वाटतंय म्हणून ती चुकवू नका. रुग्णाला काही त्रास नसताना आकड्यावरून उपचार सुरू करायचे, हाच तर या तपासणीचा उपयोग. विषाणू फुप्फुसात किंवा आतड्यात उतरल्यावर हाताळणं फार कठीण जातं.

उपचारांना किंमत मोजावी लागते. गॅन्सिक्लोव्हिर आणि त्याची गोळी व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर यांनी काउंट पुन्हा घसरतात. फॉसकार्नेट मूत्रपिंडावर आणि शरीरातल्या क्षारांवर ताण देतं. २०१७ मध्ये अमेरिकेत लेटरमोव्हिर मान्य झालं, ते सीएमव्ही जागा होऊ नये म्हणून आधीपासून देतात आणि त्याने काउंट तसे पडत नाहीत. मात्र ते हर्पिस किंवा नागिणीवर चालत नाही. म्हणून लेटरमोव्हिर घेणाऱ्यानेही ॲसायक्लोव्हिर सोडायचं नसतं. दोन्ही विषाणूंचीच औषधं, मग एक बंद करू, असं घरात कुणाच्याही मनात येऊ शकतं.

याच गटातले आणखी काही. लघवीला जळजळ आणि रक्त, कधी गुठळ्यांसह, हे बीके विषाणूचं काम असू शकतं. मानेत, काखेत गाठी आणि न उतरणारा ताप असेल तर ईबीव्ही या विषाणूची तपासणी होते. अचानक आलेला विसराळूपणा, तारीख-वार न सुचणं यामागे एचएचव्ही-६ हा विषाणू असू शकतो, त्याला थकवा समजून सोडू नका. लहान मुलांत ॲडेनोव्हायरस जास्त त्रास देतो. आणि बाहेरून येणारे विषाणू म्हणजे फ्लू, आरएसव्ही, कोविड. घरातल्या माणसाची साधी सर्दी ट्रान्सप्लांटच्या रुग्णाच्या छातीत उतरू शकते. ज्याला सर्दी झाली त्याने वेगळ्या खोलीत झोपायचं, मास्क लावायचा, आणि रुग्णाला शिंक आली तरी कळवायचं, म्हणजे नाकाचा स्वॅब वेळेत जातो.

पायरी ५ : बुरशी, म्हणजे धुळीकडे बघायला शिका

कॅन्डिडा ही बुरशी तोंडात-आतड्यात असते, तिच्यासाठी फ्लुकोनाझोल. ॲस्परजिलस ही बुरशी मात्र हवेतून येते. तिचे बीजाणू २-३ मायक्रॉनचे, श्वासाबरोबर थेट फुप्फुसाच्या तळाशी पोचणारे. ट्रान्सप्लांट युनिटमधले हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतात. घरी ते नसतात, आणि फ्लुकोनाझोल या बुरशीवर चालत नाही. त्यामुळे धोका जास्त असलेल्यांना पोसाकोनाझोल किंवा व्होरिकोनाझोल देतात.

घरी करण्याजोगं बरंच आहे. रुग्ण यायच्या आधी पोपडे आलेली, ओल धरलेली भिंत दुरुस्त करून घ्या, तो घरात असताना नाही. कोरडा झाडू नको, ओल्या फडक्याने पुसा, आणि तेव्हा रुग्ण दुसऱ्या खोलीत. कुंड्या, माती, खत, फुलदाणीतलं साचलेलं पाणी त्याच्या खोलीत नको. शेजारी तोडफोड किंवा बांधकाम चालू असेल तर त्या बाजूच्या खिडक्या बंद, आणि बाहेर पडताना एन-९५. साध्या कापडी मास्कने बीजाणू अडत नाहीत.

खुणा सुरुवातीला फसव्या असतात : कोरडा खोकला, श्वास घेताना छातीत टोचणं, थुंकीत रक्ताचा धागा, चोंदलेलं नाक, गालावर दुखणं. अँटिबायोटिक चालू असूनही चार-पाच दिवसांत ताप हटला नाही तर डॉक्टर बुरशीकडे वळतात, छातीचा सीटी आणि ॲस्परजिलसची खूण शोधणारी रक्तातली गॅलॅक्टोमॅनन तपासणी करतात. एक्स-रे साफ आहे म्हणून सीटी कशाला, असा वाद घालू नका. नाकात काळी खपली, डोळ्याभोवती सूज, एकाच बाजूचा चेहरा बधिर, हे म्यूकर या दुसऱ्या बुरशीचं लक्षण असू शकतं. व्होरिकोनाझोल म्यूकरवर चालत नाही, तिथे ॲम्फोटेरिसिन बी आणि बहुतेकदा शस्त्रक्रिया लागते, आणि तेही तातडीने.

पायरी ६ : गोळ्यांची वही

प्रत्येक गोळीपुढे ती कशासाठी आहे ते लिहा. नुसतं नाव लिहिलं की महिन्याभराने सगळ्या सारख्याच दिसतात आणि एखादी कमी करायचा मोह होतो. सगळ्यात जास्त विसरली जाते कोट्रायमॉक्साझोल, कारण ती अनेकांना आठवड्यातून दोन-तीनच दिवस असते. ती न्यूमोसिस्टिस या बुरशीचा न्यूमोनिया रोखते, आणि निदान सहा महिने, किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असेपर्यंत घ्यायची असते. आम्ही त्या वारांवर लाल गोल करायचो.

बुरशीच्या 'नाझोल' औषधांनी टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिनची रक्तातली पातळी वाढते, म्हणून त्यांचा डोस तसा बेतलेला असतो. उलट्या झाल्या म्हणून तुम्ही दोन दिवस पोसाकोनाझोल बंद केलं तर ही पातळी घसरून जीव्हीएचडी उफाळू शकतो. म्हणजे बुरशीची गोळी चुकली आणि त्रास त्वचेवर, पोटात दिसला, असं होतं. गोळी ओकून पडली तरी फोन करा. पोसाकोनाझोलची गोळी जेवणासोबत, व्होरिकोनाझोल रिकाम्या पोटी, आणि ते चालू असताना ऊन टाळायचं. वनस्पतींचे काढे, पावडरी, जिवंत जिवाणूंच्या कॅप्सूल हे सगळं विचारल्याशिवाय बंद.

पायरी ७ : घर, माणसं, जेवण

हात धुणं, साबणाने वीस सेकंद, सगळ्यांनी. जुलाब चालू असतील तर नुसत्या सॅनिटायझरवर विसंबू नका. जुलाब घडवणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जिवाणूचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत, साबण-पाण्याने धुऊन जातात.

जेवणाबद्दल लोक फार घाबरवतात. फळं-भाज्या सगळ्या वर्ज्य करणाऱ्या कडक आहाराने संसर्ग कमी होतात असं चाचण्यांमध्ये दिसलेलं नाही, आणि आधीच जेवण जात नसलेला माणूस त्याने आणखी खंगतो. महत्त्व आहे ते ताजं, पूर्ण शिजलेलं, दोन तासांपेक्षा जास्त बाहेर न राहिलेलं अन्न देण्याला. कच्चं दूध, कच्ची अंडी, कच्चं मांस-मासे, कच्चे मोड टाळायचे. पाण्याची खात्री नसेल तर उकळून.

पाळीव प्राणी घालवून द्यायची गरज नाही, पण त्यांची घाण रुग्णाने काढायची नाही, आणि नवा प्राणी आणायची ही वेळ नाही. घरात तान्हं बाळ असेल तर त्याला पोलिओचे थेंब किंवा रोटाव्हायरसची लस देण्याआधी टीमला विचारा. त्या जिवंत लसी असतात आणि बाळाच्या शीतून विषाणू बाहेर पडतो.

पायरी ८ : शंभर दिवसांनंतर

शंभरी गाठली की पाहुणे येतात, तपासण्या विरळ होतात, आणि घर सैलावतं. या काळात नागीण येते. पुरळ उठण्याआधी दोन-तीन दिवस एका बाजूच्या पट्ट्यात नुसती आग होते, तेव्हाच सांगितलं तर औषध चांगलं लागू पडतं. दात्याच्या मूलपेशी असतील तर ॲसायक्लोव्हिर साधारण वर्षभर तरी चालतं ते यासाठीच. कांजिण्या झालेल्या मुलाशी संपर्क आला तर पुरळाची वाट न पाहता त्याच दिवशी कळवा.

जुनाट जीव्हीएचडी असलेल्यांची प्लीहा नीट काम करत नाही आणि अँटिबॉडी अपुऱ्या असतात. त्यांना न्यूमोकोकस हा जिवाणू काही तासांत गंभीर करू शकतो. काउंट उत्तम, ट्रान्सप्लांटला दीड वर्ष झालेलं, तरी थंडी वाजून ताप आला तर फोनचा नियम पहिल्या महिन्यासारखाच.

लसी पुन्हा पहिल्यापासून घ्याव्या लागतात. न्यूमोकोकसची लस तीन ते सहा महिन्यांनंतर, फ्लूची निर्जीव लस साधारण सहा महिन्यांनंतर आणि मग दर वर्षी, धनुर्वात, घटसर्प वगैरे सहा ते बारा महिन्यांनंतर. घरातल्यांनी फ्लूची लस आधीच घेऊन ठेवावी. गोवर, गालगुंड, रुबेला यांची लस जिवंत असते, ती दोन वर्षांच्या आत नाही. त्या दिवशी तीन गोष्टी विचारा : दोन वर्षं पूर्ण झाली का, जीव्हीएचडी आहे का, प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू आहे का. पहिल्याचं उत्तर 'नाही' किंवा उरलेल्या दोनपैकी एकाचंही 'हो' असेल तर लस पुढे जाते. माझ्या भावाची एक लहानशी गोळी तेव्हा चालू होती, म्हणून त्याची लस आणखी आठ महिने थांबली.